आधी झाकण मिटायला शिकवा: वर्गात पहिल्यांदाच टॅब-लॅपटॉप वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

माझ्या वर्गात टॅब पहिल्यांदा आले, त्या दिवशीचं पाठटाचण मी मन लावून केलं होतं. मुलांनी एक छोटी चित्रफीत बघायची, दोन प्रश्नांची उत्तरं टाइप करायची आणि मग सगळ्यांनी मिळून चर्चा करायची. उत्तरं झाली तसं मी म्हटलं, "आता टॅब बाजूला ठेवा, इकडे बघा." कुणीच ठेवला नाही. मुलं उद्धट नव्हती, त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचतच नव्हता. मागच्या बाकावरची एक मुलगी बोटाने चित्रफीत मागे-पुढे करत होती, शेजारचा मुलगा तिच्या खांद्यावरून तेच बघत होता आणि त्याचा स्वतःचा टॅब तसाच उजेड टाकत पडला होता. तीनदा सांगून झाल्यावर मी एकेकाच्या हातून टॅब काढून घेतले. चर्चेला चार मिनिटं उरली.

यंत्र सुरू कसं करायचं हे त्या मुलांना माझ्याआधीपासून येत होतं. थांबवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यानंतर मी वर्गात यंत्रं वापरायची पद्धत मुळापासून बदलली. नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी ती पद्धत इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, पण प्रत्येक पायरीला सारखाच वेळ लागतो असं नाही. काही गोष्टी पाच मिनिटांत होतात, काहींना वर्ष लागतं.

१. यंत्राचं काम काय, ते आधी ठरवा

टाचणात एक ओळ वाढवा: "हे काम वहीत का होणार नाही?" उत्तर सापडलं तर यंत्र काढा. बी रुजायला आठ दिवस लागतात, ते अर्ध्या मिनिटात दाखवता येतं. मुलाला स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून ऐकता येतं, आणि आपण कुठे अडखळतो ते कुणी न सांगता कळतं. आकडा बदलला की आलेख डोळ्यांसमोर बदलतो. ही कामं वहीत होत नाहीत. व्याख्या उतरवून घेणं, शब्दार्थ लिहिणं यासाठी मात्र टॅब काढण्यात मला अर्थ वाटत नाही.

टिपणांबद्दल नेहमी विचारलं जातं. २०१४ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास बराच गाजला. लॅपटॉपवर टिपणं काढणारे विद्यार्थी शिक्षकांचे शब्द जसेच्या तसे उतरवत गेले आणि समजेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले, असं त्यात दिसलं. पुढे तोच प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. त्यामुळे "टाइप केलं की डोक्यात शिरत नाही" असं मी मुलांना सांगत नाही. शब्द न् शब्द उतरवू नका, ऐका आणि आपल्या भाषेत लिहा, एवढं सांगते. हे हाताने लिहिताना आपोआप होतं, कारण हात तेवढा वेगाने चालत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. यंत्र बक्षीस म्हणून द्यायचं नाही आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायचं नाही. "लवकर आवरलंत तर टॅबवर खेळा" असं एकदा म्हटलं की मुलांच्या मनात धडा म्हणजे कष्ट आणि स्क्रीन म्हणजे सुटका, अशी वाटणी होते. आणि एखाद्या मुलाला कमी दिसत असेल, अक्षरं ओळखायला त्रास होत असेल, मजकूर मोठा करून किंवा वाचून ऐकवणारं यंत्र त्याला लागत असेल, तर ते त्याच्या चष्म्यासारखं समजा. वर्गाचा कुठलाही नियम त्याच्या आड येता कामा नये. हे बाकीच्या मुलांना एकदा साधेपणाने सांगितलं तर त्यांना लगेच पटतं.

२. पहिला तास स्क्रीन काळीच राहू द्या

पहिल्या तासाला यंत्र सुरू करू नका. नुसतं हाताळायला शिकवा. दोन्ही हातांनी धरायचं. लॅपटॉप स्क्रीनला धरून उचलायचा नाही, खालून उचलायचा. चालताना झाकण मिटलेलं. चार्जर काढताना वायर ओढायची नाही, प्लग धरायचा. पाण्याची बाटली बाकावर नको, खाली. प्रत्येक यंत्रावर क्रमांक लावा आणि तोच क्रमांक वर्षभर त्याच मुलाकडे राहू द्या. आपलं म्हटलं की मुलं जपतात, आणि ओरखडा कधी पडला तेही कळतं.

बॅटरीबद्दल न घाबरवता पण स्पष्ट सांगा. या यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी असते. यंत्राची पाठ फुगलेली दिसली, झाकण नीट बसेना झालं, हाताला चटका बसण्याइतकं गरम झालं किंवा विचित्र वास आला, तर ते चार्जिंगला लावायचं नाही, दाबून बघायचं नाही, लगेच शिक्षकांना सांगायचं. दप्तरात, उशीखाली, पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली ठेवून चार्ज करायचं नाही.

हा तास वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढे कितीतरी तास वाचवतो.

३. झाकण अर्धं, झाकण पूर्ण

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन खुणा ठरवा. पहिली, "झाकण अर्धं": लॅपटॉपचं झाकण इतकं खाली आणायचं की स्क्रीन दिसणार नाही, पण यंत्र बंदही होणार नाही. टॅब असेल तर पालथा घालायचा. शिक्षकांना मध्येच काही सांगायचं असतं तेव्हाची ही खूण. दुसरी, "झाकण पूर्ण": केलेलं काम सेव्ह करायचं, झाकण मिटायचं, हात बाकावर. खूण तोंडाने द्या किंवा हाताने, पण वर्षभर एकच ठेवा.

आता याचा सराव घ्या. खरोखर सराव, पाढे म्हणून घेतो तसा. मुलांना स्क्रीनवर काहीतरी आवडीचं उघडू द्या, चित्र रंगवायचं म्हणा. दोन मिनिटांनी म्हणा, "झाकण अर्धं." किती सेकंद लागले ते मोजा आणि फळ्यावर लिहा. पुन्हा उघडायला सांगा, पुन्हा मिटवा. माझ्या एका वर्गाला पहिल्यांदा जवळजवळ पाऊण मिनिट लागलं होतं. चौथ्या दिवशी तोच वर्ग सात सेकंदांवर आला. मुलांना हा खेळ वाटतो, आणि वाटू द्या.

सरावात एक बारीक गोष्ट लक्षात येईल. झाकण मिटायला उशीर करणारी मुलं बहुतेक वेळा हट्टी नसतात, त्यांचं वाक्य अर्धं राहिलेलं असतं. मोठ्या माणसालाही मधेच तोडलेलं आवडत नाही. म्हणून खुणेच्या आधी पूर्वसूचना द्या: "दोन मिनिटं राहिली. हातातलं वाक्य पूर्ण करा, नवीन सुरू करू नका." ही पूर्वसूचना द्यायला लागल्यापासून माझ्या वर्गातली निम्मी ओढाताण संपली. पुढे मुलं स्वतःच घड्याळ बघून एकमेकांना सांगायला लागतात, "नवीन काही उघडू नको, संपत आलंय." वापर आपला आपण थांबवण्याची ताकद ती हीच, आणि ती घरीही त्यांच्यासोबत जाते.

खूण दिल्यावर तुम्ही स्वतः काय करता, हेही मुलं बघतात. वर्गाची झाकणं अर्धी असताना शिक्षक आपल्या मोबाईलकडे बघत असतील, तर सराव तिथेच फुकट गेला. मी तासाला जाताना फोन आवाज बंद करून कपाटात ठेवते आणि ते मुलांदेखत करते.

४. नियम मुलांकडून काढून घ्या

छापील बारा नियमांचा तक्ता भिंतीवर लावून उपयोग होत नाही, दुसऱ्या आठवड्यात तो दिसेनासा होतो. त्यापेक्षा मुलांना विचारा: "यंत्र वापरताना तुम्हाला कशाचा त्रास झाला?" कुणी म्हणेल, शेजारच्याने गाणं लावलं. कुणी म्हणेल, माझं लिहिलेलं कुणीतरी पुसलं. कुणी हळूच म्हणेल, माझा फोटो काढला. या तक्रारींतूनच नियम बनवा आणि ते चार-पाचच ठेवा. माझ्या वर्गात साधारण असे निघतात: सांगितलेलंच उघडायचं. दुसऱ्याच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विचारल्याशिवाय फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. खूण झाली की झाकण. आणि काही विचित्र किंवा घाबरवणारं दिसलं तर स्क्रीन पालथी घालून मोठ्या माणसाला सांगायचं, त्यासाठी कुणी रागावणार नाही.

शेवटचा नियम नुसता लिहून चालत नाही, तो पाळण्याची जबाबदारी आपली. शोधताना चुकून भलतं चित्र समोर आलं आणि मूल सांगायला आलं, की पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस" हेच असलं पाहिजे. तिथे आवाज चढला तर ते मूल पुन्हा सांगायला येणार नाही, आणि ते बघणारी बाकीची मुलंही येणार नाहीत.

नियम मोडला तर काय, तेही आधीच ठरलेलं असू द्या. माझ्याकडे पहिल्यांदा आठवण, दुसऱ्यांदा माझ्या शेजारी बसून काम, तिसऱ्यांदा त्या दिवसापुरतं तेच काम वहीत. ही शिक्षा नव्हे: काम चुकत नाही, फक्त साधन बदलतं.

५. डोळे, मान, कान

मुलांना "डोळे खराब होतील" एवढंच सांगितलं तर ती ऐकून सोडून देतात. काय घडतं ते करून दाखवलं तर ध्यानात ठेवतात. जोड्या करा. एकाने मिनिटभर पुस्तक बाजूला ठेवून गप्पा मारायच्या, दुसऱ्याने त्याच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजायचं. मग त्याच मुलाने मिनिटभर स्क्रीनवर वाचायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा बहुधा खूप खाली येतो. एरवी माणसाची पापणी मिनिटाला साधारण पंधराएक वेळा लवते, स्क्रीनसमोर ते प्रमाण निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः यामुळे: पापणी लवली नाही की डोळ्यावरचा ओलावा सुकतो. हा प्रयोग केल्यापासून माझ्या वर्गात मुलं एकमेकांना "पापणी!" म्हणून आठवण करतात.

मग २०-२०-२० ही सवय लावा. दर २० मिनिटांनी, २० फूट म्हणजे साधारण ६ मीटर लांबच्या वस्तूकडे, २० सेकंद बघायचं. खिडकीतून दिसणारं एखादं झाड किंवा वर्गाच्या दुसऱ्या टोकाची भिंत चालते. घड्याळ सांभाळायचं काम रोज एका मुलाकडे द्या. तेवढ्यात उभं राहून खांदे मोकळे करून घ्या.

स्क्रीन डोळ्यांपासून हातभर लांब आणि तिची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. टॅब मांडीवर ठेवून मान खाली घालून बसणं सगळ्यात वाईट. दोन-तीन जाड पुस्तकं मागे लावून टॅब तिरपा उभा केला तरी बराच फरक पडतो. खिडकी पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चमक येते, म्हणून बाक थोडा वळवा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांबद्दल पालक विचारतात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा अशा चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा निदान थोड्या काळात तरी कमी होत असल्याचं दिसलं नाही. तो खर्च करण्यापेक्षा मुलांना मैदानात पाठवा, असं मी सांगते. यालाही आधार आहे. तैवानने २०१० साली शाळकरी मुलांना दिवसाला १२० मिनिटं उघड्यावर घालवायला लावणारा उपक्रम सुरू केला आणि वर्षानुवर्षं वाढत गेलेलं लांबचं अंधुक दिसण्याच्या दोषाचं (मायोपियाचं) प्रमाण त्यानंतर उतरायला लागलं. म्हणून मधल्या सुट्टीत टॅब वर्गातच राहिले पाहिजेत. ही गोष्ट मी कुणासाठीही सोडत नाही.

कानांचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे, मोठ्यांसाठी ८०. आवाज ३ डेसिबलनी वाढला की दर वेळी सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. वर्गात डेसिबल कोण मोजणार? म्हणून सोपी खूण: आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या आत, आणि हातभर अंतरावरून कुणी नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे. हेडफोन एकमेकांचे वापरायचे झाले तर आधी पुसून घ्यायचे.

६. लक्ष कुठे जातं, ते मुलांनाच मोजू द्या

२०१३ साली कॅनडातल्या संशोधकांनी दोन साधे प्रयोग केले. पहिल्यात विद्यार्थ्यांना लॅपटॉप घेऊन व्याख्यानाला बसवलं. काहींना मध्येमध्ये इतर कामं करायला सांगितलं होतं. ते परीक्षेत मागे पडले, ११ टक्क्यांनी. पण दुसऱ्या प्रयोगात कागदावर टिपणं काढणाऱ्यांपैकी ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात अशा मुलांच्या स्क्रीन होत्या, ते आणखी मागे पडले, १७ टक्क्यांनी. स्वतः काही न करता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण "मी काही उघडलं तर तुमचं काय जातं?" या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मोठ्या मुलांना हे प्रयोग असेच सांगा. ती गप्प होतात आणि मग आपसात बोलायला लागतात.

युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलंय की अभ्यासाबाहेरच्या गोष्टीकडे वळलेलं लक्ष पुन्हा पूर्ण अभ्यासावर यायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. ३५ मिनिटांच्या तासात एकदा लक्ष गेलं तर काय उरतं, हे गणित मुलं स्वतः करू शकतात.

वर्गात करायचं ते असं. सगळ्या यंत्रांची नोटिफिकेशन बंद, आणि ती बंद करायची मुलांनी, आपण करून द्यायची नाहीत. सेटिंग कुठे असतं ते त्यांना कळलं पाहिजे, म्हणजे घरच्या फोनवरही ती करू शकतील. काम चालू असताना ब्राउझरमध्ये एकच टॅब, म्हणजे एकच पान, उघडं. बाकांची मांडणी अशी ठेवा की तुम्हाला पाठीमागून फिरताना सगळ्या स्क्रीन दिसतील. आणि फिरत राहा. नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा शेजारून जाणारा शिक्षक मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो थांबून "कुठे अडलंय?" असंही विचारतो. मूल भरकटतं तेव्हा पुष्कळदा ते कुठेतरी अडलेलंच असतं.

७. पासवर्ड आणि खासगी माहिती

पासवर्ड लांब हवा. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ पासून चिन्हांच्या गुंतागुंतीपेक्षा लांबीवर भर दिला आहे आणि कारण नसताना दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं बंद करायला सांगितलं आहे. मुलांना तीन-चार असंबद्ध शब्द जोडायला सांगा: एक प्राणी, एक भांडं, एक क्रियापद, एक रंग. लक्षात राहतं, आणि ओळखायला अवघड जातं. स्वतःचं नाव, जन्मतारीख, आवडता खेळाडू नको. जिवलग मैत्रिणीलाही सांगायचा नाही, आई-वडिलांना सांगायचा.

खासगी माहितीचा धडा एका फोटोवरून छान होतो. तुम्ही स्वतः एक साधा फोटो काढा, एखाद्या बाकावरच्या दप्तराचा. मुलांना विचारा, यातून अनोळखी माणसाला काय काय कळेल? दप्तरावरचं नाव, वहीवरची इयत्ता, गणवेशाचा रंग, मागच्या फलकावरचं वेळापत्रक. मग फोटोचा तपशील उघडून दाखवा: तारीख, वेळ आणि ठिकाणाची नोंद चालू असेल तर जागाही. मुलं अवाक होतात. ठिकाणाची नोंद कशी बंद करायची ते तिथल्या तिथे करून घ्या.

नवीन ॲप वर्गात आणायच्या आधी ते कोणती माहिती मागतं आणि किमान वय किती, हे शिक्षकांनी वाचलंच पाहिजे. अनेक ठिकाणी दिसणारी १३ वर्षांची अट मुळात अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आली. त्या वयाखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. इतर देशांत हे वय वेगळं आहे. आपल्याला लागू असलेला नियम बघा आणि खोटं वय टाकून खातं उघडायला मुलांना कधीही सांगू नका, कितीही घाई असली तरी.

८. आडवं वाचायला शिकवा

इंटरनेटवर १९९८ पासून एक संकेतस्थळ आहे. त्यात झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची माहिती आहे: तो कुठे राहतो, काय खातो, तो कसा नामशेष होत चाललाय. हे सगळं बनवलेलं आहे, असा प्राणी नाही. पण मांडणी इतकी गंभीर की मुलांना खरं वाटतं. वर्गात ते उघडा आणि दहा मिनिटं काहीही न बोलता बघा. मुलं पान वरून खाली वाचत जातील. चित्रं आहेत, शास्त्रीय नाव आहे, मग खरंच असणार. हे उभं वाचन.

आता दुसरी रीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १० इतिहासकार, १० तथ्य तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळं पारखायला दिली. तथ्य तपासनीस सगळ्यात लवकर आणि सगळ्यात अचूक निघाले. ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच नवीन टॅब उघडून "हे कुणाचं आहे, इतर लोक याबद्दल काय म्हणतात?" ते बघायला गेले. हे आडवं वाचन. मुलांना हेच करायला लावा: पान उघडलं की थांबा, नाव उचला, बाजूच्या टॅबमध्ये शोधा. ऑक्टोपसचं बिंग मिनिटभरात फुटतं. मग त्याच आठवड्यात एक खरं पण अविश्वसनीय वाटणारं पान द्या, नाहीतर मुलं "सगळंच खोटं" म्हणायला लागतात, आणि ते तितकंच वाईट.

काम करताना एकच टॅब आणि पारखताना दोन, हा फरक मुलांना सांगायला विसरू नका.

९. एआय आणि उतरवलेलं उत्तर

चॅटजीपीटी हे विचारलेल्याचं उत्तर लिहून देणारं एआय (कृत्रिम बुद्धिमत्तेचं) साधन नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यानंतर गृहपाठ पूर्वीसारखा राहिला नाही. बंदी घालून मी पाहिलं, मुलं लपवायला शिकली. आता मी त्यांच्यासमोर ते उघडते. मुलांना अगदी नीट ठाऊक असलेला विषय घेते, नुकताच शिकवलेला धडा. प्रश्न विचारते आणि उत्तर मुलांना तपासायला देते, लाल पेन घेऊन. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं: एखादं पात्र धड्यात नसतंच, एखादी घटना भलत्याच क्रमाने येते. का चुकतं, ते सोप्या शब्दांत सांगा: हे यंत्र पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज करत लिहितं, त्यामुळे ठामपणे चुकू शकतं. कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावंही देतं. जे आपल्याला तपासता येत नाही ते त्याच्याकडून घ्यायचं नाही, एवढं मुलांना पुरतं.

गृहपाठाचं स्वरूपही बदला. "निबंध लिहा" ऐवजी "वर्गात पहिला परिच्छेद लिहा, घरी पुढचा, आणि काय बदललं ते दोन ओळींत सांगा." मदत घेतली असेल तर ती कुठे, हे लिहायची सवय लावा. लिहिणाऱ्याला शिक्षा करू नका. चित्रं आणि मजकूर घेताना कुणाचं आहे ते खाली लिहायचं, ही शिस्तही याच सुमारास लावून घ्या.

१०. स्क्रीनवरचं भांडण

वर्गाच्या ग्रुपवर कुणाचं नाव पाडलं, कुणाचा फोटो विद्रूप करून फिरवला, असं होतंच. मुलांना तीन गोष्टी पाठ असाव्यात: उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचा, मोठ्या माणसाला सांगायचं. फक्त एक अपवाद: कुणाचा लाज वाटेल असा फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही, पुढे पाठवायचा नाही, फोन तसाच मोठ्यांकडे आणायचा.

त्रास देणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांवर मी जास्त वेळ देते, कारण ते संख्येने जास्त असतात. हसरं चिन्ह टाकणं हेही सामील होणं आहे, हे त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. ज्याला बोललं गेलं त्याला वेगळा मेसेज करून "ते वाईट होतं, मी तुझ्या बाजूने आहे" एवढं लिहिणं प्रत्येकाला जमतं. मी तो मेसेज वर्गात कागदावर लिहून घेते. पहिल्यांदा लिहिताना मुलं संकोचतात, म्हणून सराव हवा.

११. घराशी बोलताना

पालकांना उपदेश नको, एक-दोन ठोस गोष्टी द्या. झोपेची गरज सांगा: ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वयाच्यांना ८ ते १० तास. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचे. आणि "झाकण अर्धं" व पूर्वसूचना या दोन खुणा त्यांनाही शिकवा. शाळेत आणि घरी एकच शब्द असला की मुलाला वेगळं पटवावं लागत नाही. गृहपाठासाठी स्क्रीन लागणार असेल तर किती वेळ लागेल ते वहीत लिहून पाठवा. ज्या घरी एकच फोन आहे, त्या मुलाला ते काम शाळेतच करू द्या, चारचौघांत कारण न विचारता.

साधारण सहा आठवड्यांनी एक तास तपासणीसाठी ठेवा. त्या तासाला शिकवणं तुमचं, नोंदी मुलांच्या. एकजण झाकणांचे सेकंद मोजतो, एकजण २०-२०-२० च्या विश्रांती किती झाल्या ते, एकजण किती टॅब उघडे दिसले ते. जी सवय सैल झालेली दिसेल ती एकच उचला आणि पुढचा आठवडाभर रोज पाच मिनिटं तिचाच सराव घ्या. झाकणाचा सराव तर मोठ्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पुन्हा घ्यावाच लागतो. तेव्हा फळ्यावर जुना आकडा लिहून ठेवा, सात सेकंद, आणि मुलांना म्हणा, बघू या.